मंगळवारच्या चिलाप्या

धरणातल्या हिरव्या शेवाळाचं विष माशांच्या यकृतात कसं उतरतं, हे तपासायला श्रेया दर मंगळवारी तळेघरच्या एसटीनं यायची. मासे धरून द्यायच्या ठकूबाई. पाण्याकाठच्या त्या वस्तीवर आता त्यांचंच एक घर उघडं होतं. आठवड्यातून बोलायला येणारं माणूस म्हणजे ही पोर.

मागच्या मंगळवारी नाचणीची भाकरी मोडता मोडता श्रेया हरखून म्हणाली होती, "आजी, या खेपेला पेशी अगदी निरोगी निघाल्या. अजून एकदा अशाच निघाल्या की काम संपलं. मग तुम्हाला त्रास नाही."

"मला मेलीला कसला आलाय तरास," ठकूबाई म्हणाल्या.

आज बादलीतल्या चिलाप्या मलूल होत्या. श्रेयानं ओट्यावर एक चिरली. यकृत फिकट आणि लिबलिबीत. तिचा चेहरा उतरला.

"पुन्हा बिघडलं की हो. आता पावसाळ्यापर्यंत यावं लागणार मला."

"लई वंगाळ झालं बाई," म्हणत ठकूबाईंनी तव्यावर दुसरी भाकरी टाकली.

"जाळं नेहमीच्याच जागी टाकलं होतं ना?"

"तर. या वयात मी कुठं लांब जातीये?"

श्रेयानं वहीत तसं लिहून घेतलं. ठकूबाईंनी हळूच पाय लुगड्याखाली ओढले. पहाटे दोन कोस चालून त्या धरणाच्या पल्याडच्या, साचून हिरव्यागार झालेल्या पाण्यात उतरल्या होत्या, आणि तो रंग अजून घोट्यांवरून गेला नव्हता.