नवसाची तांबोशी

तांबोशी पोट वर करून खारफुटीच्या मुळांना येऊन लागली होती. ओठाच्या कोपऱ्यात गळाच्या गरीची ताजी चीर. सुनंदाने इकडेतिकडे पाहिलं, मासा चटकन टोपलीत टाकला आणि त्यावर तिसऱ्यांच्या शिंपल्यांचा ढीग लोटला. होळीपासून हे असंच चाललं होतं. वर दगडावर बसून नवरा मासे सोडायचा आणि खाली वळणावर बायको ते गुपचूप उचलायची.

आत्मारामचा सगळा जन्म दाभोळच्या खाडीत गरी टाकण्यात गेला. एकुलती एक लेक रसिका मुंबईला इस्पितळात पडली, रक्ताचा आजार निघाला, तेव्हा त्याने गावदेवीपुढे नारळ ठेवला आणि बोलून गेला: आजवर जीव घेत आलो, आता रोज दुपारी नैवेद्याच्या वेळेला एका माशाला जीवदान देईन, मगच घास खाईन, तेवढी माझी पोर राख. आता सोडायचा म्हणजे आधी पकडायला हवा. असा नवस गरीवाल्यालाच सुचायचा.

थंडीत ते निभावलं. पाणी गार होतं. तंगुसाच्या दोरीशी झुंजून दमलेला मासा सोडला की जरा थबकायचा, शेपूट हलवायचा आणि खोल निघून जायचा. होळी झाली तसं ओहोटीचं उथळ पाणी दुपारी अंघोळीच्या पाण्यासारखं तापू लागलं. अशा पाण्यात धडधाकट माशालाही धाप लागते, मग दमलेल्याची काय कथा. तो आत्मारामच्या हातून सुटायचा, चार हात पोहायचा आणि वळणावर जाऊन मरायचा. आत्मारामला आताशा लांबचं दिसत नव्हतं, तेवढं एक बरं होतं.

तिने एकदा सुचवून पाहिलं, पहाटे जात जा, पाणी गार असतं. तो म्हणाला, नवस बोललो तसाच फेडायचा, देवीशी घासाघीस करायची नसते. खरं कारण सांगावं तर त्याची उमेदच मोडली असती. जावई अभय फोनवर दिवसेंदिवस कमी बोलत होता. घरात उमेद म्हणावी अशी ती एवढीच उरली होती. म्हणून सुनंदा गप्प राहिली. त्यातला एकही मासा तिने चुलीवर चढवला नाही. सगळे परसातल्या माडाखाली पुरले.

टोपली कमरेवर घेऊन ती वर आली, तर आत्माराम उभा होता. हातात फोन, तंगूस पायाशी गुंतलेला.

“अभयचा होता,” एवढंच तो म्हणाला.

तिला पुढचं विचारावं लागलं नाही. टोपली खाली ठेवून ती दगडावर बसली. रडूही येईना. तो खाडीकडे बघत होता.

“एक पण मासा माझ्या हातून मेला नाय गो,” तो म्हणाला. “सगळे जगले. तू खाली असायचीस, तू बघितलंस. मग देवीनं असं का केलंन?”

सुनंदाच्या ओठांवर खरं आलं होतं. एका शब्दात देवी सुटली असती. पण मग हा माणूस उरलेला जन्म आपल्याच हातांकडे बघत बसला असता, पोरीला आपणच मारलं म्हणत.

“बघितलं ना,” ती म्हणाली. “सगळे पोहत गेले. देवीनंच फसवलंन आपल्याला.”

आत्माराम देवळाच्या दिशेने वळला आणि त्याने देवीला शिव्या घातल्या, तोंडाला येतील तशा, घसा बसेपर्यंत. सुनंदाने त्याला अडवलं नाही. लेकीसाठी पसरला होता तसाच तिने मनातल्या मनात पुन्हा पदर पसरला: एवढं तुझ्या अंगावर घे माये, तुला सोसेल. त्याला नाही सोसायचं.