दिव्यांची रांगोळी

धाकट्या जावेच्या, गोदूबाईच्या रांगोळीचं कुणी कौतुक केलं की सोनुबाईच्या पोटात दुखायचं. भिवपुरीला वीजघराच्या कॉलनीत प्रदर्शन भरलंय आणि तिथे बटण दाबलं की दिव्यांची रांगोळी उमटते, हे कानावर पडल्याबरोबर ती लुगडं बदलून निघाली.

तिनं स्वतःच्या हातानं बटण दाबलं. फळीवर ठिपक्यांसारखे मांडलेले लाल-हिरवे दिवे भराभर पेटले आणि कासव उमटलं. दुसरं बटण दाबलं, तर कमळ फुललं. सोनुबाईचा जीव कसा थंड झाला!

"बघा गं! आमच्या गोदूला सात जन्मात जमायची नाय अशी," ती साऱ्या बायांना ऐकू जाईल अशी म्हणाली. तेवढ्यात तिचं लक्ष कोपऱ्यात गेलं. "पन हा एक दिवा गेलाय रं, दादा."

फळीजवळ उभा असलेला वायरमन हसला. "गेला नाय, मावशी, मीच काढून ठेवलाय. जिच्याकडून या नक्ष्या उतरवून घेतल्या ना, त्या बाईनं बजावलंय, एक ठिपका मोकळाच सोडा.

"म्हणाली, माझी थोरली जाऊ बघायला आल्याशिवाय राहायची नाय, आणि तिची लगेच दृष्ट लागते."