पाण्याचं सूत्र

आई गेल्यावर बाबांनी तिच्या विद्यापीठाच्या ऑनलाइन कोर्सला प्रवेश घेतला. रसायनशास्त्राच्या सगळ्या व्हिडिओंत आईच शिकवत होती. अख्खा जन्म प्रयोगशाळेत काढलेले बाबा परीक्षेत नापास झाले, पुन्हा बसले, पुन्हा नापास. मी निकाल उघडला, तर पाण्याचं सूत्रसुद्धा चुकलेलं.

आजीचं विसरणं असंच सुरू झालं होतं. शेवटी तिला बाबाही ओळखू येईनात.

"बाबा, उद्या डॉक्टरांकडे जाऊन येऊ."

"कशाला? मला काय धाड भरलीय?"

"अहो, पाण्याचं सूत्र चुकलात तुम्ही!" मी निकाल त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी फोनवरची आई थांबवली आणि ओशाळून माझ्याकडे पाहिलं.



"अगं, पास झालं की व्हिडिओ बंद होतात."