एकेक माग

नागनाथनं शेवटचा माग बंद केला आणि त्यातला सुताचा धोटा काढून, आता तो माग चालवणाऱ्या सुकलालच्या हातात दिला. पलीकडून छगन मुकादमाचे ओठ हलले, "महिन्यात परत येशील." नागनाथनं मान हलवून नाही म्हटलं. सुरतेजवळ उधन्याच्या त्या कापड कारखान्यात चाळीस मागांचा खडखडाट चाले. तिथं कुणी कुणाचं कानानं ऐकत नसे, सगळे एकमेकांचे ओठ वाचत. नागनाथ त्यात असा तरबेज, की पलीकडच्या रांगेतल्या शिव्याही त्याच्या नजरेतून सुटत नसत.

हे माग सोडणं काही एका दिवसात घडलं नव्हतं. चार वर्षांपूर्वी, सदुसष्ट साली, वस्तीत भंते आले होते. त्रिशरण-पंचशील म्हणायची वेळ आली आणि सगळी वस्ती ओठांतल्या ओठांत पुटपुटत राहिली. धम्म घेऊन दहा वर्षं झाली होती, पण शब्द कुणाला धड येत नव्हते. नागनाथला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सातवी शिकलेला तो एकटाच होता.

त्या दिवशी विहारात बुद्धासमोर हात जोडून त्यानं ठरवलं, आपलं खरं काम पोरांना शिकवण्याचं. पण घरही चालायला हवं. त्याच्याकडे चार माग होते. दर बुद्धपौर्णिमेला एक सोडायचा आणि तेवढी तूट सीतानं घरी मागासाठी सुताच्या कांड्या भरून भागवायची, असं नवरा-बायकोत ठरलं. मालकाला काय, माग चालवायला माणसं पुष्कळ होती.

"नागनाथ हप्त्याहप्त्यानं भिक्खू होतोय," शेजारचा भिवा म्हणाला. सगळे हसले. नागनाथही हसला, जरा उशिरा.

तर आता चारही माग सुटले. दुसऱ्या दिवसापासून विहाराच्या पत्र्याखाली सकाळचा वर्ग सुरू झाला. पोरं एकेक करून उठत, गुरुजींसमोर येऊन उभी राहत आणि तोंड मोठं उघडून एकेक शब्द सुटा म्हणत. वस्तीतली ही टारगट पोरं इतक्या शिस्तीत वागतात, हे पाहून नागनाथला स्वतःचंच कौतुक वाटे. मागाशिवायची शांतता तर त्याला फार गोड वाटली.

पुढच्या पौर्णिमेला भंते पुन्हा आले. पोरांनी वंदना म्हटली. "इतके स्वच्छ उच्चार मी मोठमोठ्या विहारांतही ऐकले नाहीत," भंते म्हणाले. नागनाथचे डोळे भरून आले.

त्याच आठवड्यात वर्गात एक नवी पोर आली. नागनाथनं तिला भिंतीवरचा तक्ता वाचायला सांगितलं. ती तक्त्याकडे तोंड करून उभी राहिली.

"वाच," नागनाथ म्हणाला. थोडं थांबून पुन्हा म्हणाला, "मोठ्यानं वाच, बाळ. घाबरू नको."

वर्गातली पोरं एकमेकांकडे बघू लागली. मग भिवाची थोरली शकू उठली. तिनं त्या पोरीला खांद्याला धरून गर्रकन वळवलं.

"ती मोठ्यानंच वाचत होती, गुरुजी," शकू सावकाश म्हणाली. "तिला नियम ठाऊक नाही. तुमच्याकडं तोंड करूनच बोलायचं."

"हा नियम कुणी केला?"

"सीतामावशीनं. पहिल्याच दिवशी."

कान जरा जड झालेत, एवढंच नागनाथ समजत होता. ज्या चार वर्षांत त्यानं सांभाळून एकेक पाऊल टाकलं, त्याच चार वर्षांत मागांनी त्याचे कान नेले होते. सगळ्या वस्तीला ते ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त गुरुजींना.

त्यानं वर्ग सोडला आणि तडक घरी आला. सीता दाराकडे पाठ करून कांड्या भरत होती.

"उद्यापासून वर्ग बंद," तो म्हणाला. "बहिरा गुरुजी काय कामाचा? तुला कधी कळलं?"

सीतानं हातातलं चाक थांबवलं. नेहमीसारखी ती आधी पुरती वळली, त्याच्या तोंडासमोर आली आणि मगच बोलली.

"दुसरा माग सोडला तवाच. पर तुमाला ऐकू येत असतं, तर पोरांनी तोंड उघडलं असतं व्हय? तीबी आपल्यावानीच पुटपुटली असती."