आमटीत साखर

"पडदा गोठला की बटण दाबून यंत्र पुन्हा चालू करावं, असं माहितीपुस्तिकेत छापू," इंजिनिअर चारुशीलाच्या डब्यातलं शेवटचं थालीपीठ संपवत कंपनीचे मालक टेंबेसर म्हणाले.

नवजात बाळांच्या हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवणारं ते यंत्र उद्या इस्पितळात जायचं होतं आणि मधूनच गोठत होतं.

"तेवढ्या वेळात बाळानं काय करायचं, तेही छापा," चारुशीला म्हणाली. "दोष सापडल्याशिवाय यंत्र दाराबाहेर जाणार नाही." आणि ती पुन्हा संगणकापुढे बसली.

दिवेलागणीला दोष सापडला. सेन्सर चालवणारा प्रोग्राम, म्हणजे त्याचा ड्रायव्हर, यंत्राकडून थोडी मेमरी मागून घ्यायचा, काम झालं की परत करायचा आणि परत केल्यावर तिच्यात 'सर्व ठीक' असं लिहायचा. तोवर यंत्रानं ती दुसऱ्या कामाला दिलेली असली, की पडदा गोठायचा. हा ड्रायव्हर टेंबेसरांनी तरुणपणी स्वतः लिहिला होता.

"शेजाऱ्यांचं भांडं रिकामं परत देऊ नये, ही आमच्या आईची शिकवण," सर गंभीरपणे म्हणाले.

"साखर आधी घालायची असते, सर. तुम्ही भांडं देऊन आलात आणि मागाहून त्यांच्या स्वयंपाकघरात शिरून साखर ओतलीत. तोवर त्यात आमटी शिजत होती."

तिनं 'सर्व ठीक' लिहिणारी ओळ उचलून मेमरी परत करण्याच्या आधी ठेवली. सकाळपर्यंत यंत्र एकदाही गोठलं नाही. यंत्र टेम्पोत चढवल्यावर सरांनी तिचा घासलेला डबा तिच्यापुढे ठेवला. आत पेढे होते.

"आधी भरले," सर म्हणाले, "मग दिला."