चाखणीचा मान

औषधं भय्यासाहेबांच्या खोलीत यायची ती मानाच्या क्रमानं. आधी मेहुणे प्रभाकरपंत, कारण त्यांच्या पणजोबांना शिंदे सरकारनं पालखी दिली होती. पालखीची लाकडं कधीच चुलीत गेली, मान तेवढा उरला. मग चुलतभाऊ शरच्चंद्र, महसूल खात्यातले निवृत्त अमीन. खरं तर जावई म्हणून जयंतराव पहिले असायचे, पण त्यांचे वडील इंदुरात होळकरांकडे कारकून, म्हणून ते तिसरे. आणि सगळ्यात शेवटी सुलू, धाकटी विधवा बहीण. तिला कसला मान?

शिंद्यांचं संस्थान विलीन झालं होतं, मध्यभारत नावाचं राज्य लाकडी टेबलांवर कारभार करत होतं. दरबार भरायचा तो फक्त उज्जैनच्या ह्या माडीवर, भय्यासाहेबांच्या पलंगाभोवती.

भय्यासाहेबांच्या पोटात गाठ होती आणि ती लिव्हरपर्यंत पसरली होती. डॉक्टरांनी अंगणात उभं राहून साफ सांगितलं होतं की आता बाकी सगळं बंद करा, त्यानं गाठ हटायची नाही, नुसती ओकारी होईल. दुखणं शमवणारी ही काळी बाटली तेवढी द्या, आणि ती पोटात टिकू द्या. पण डॉक्टर शिकलेला इंदुरात. होळकरांच्या गावचा पोरगा शिंद्यांच्या माणसाची दवाई बंद करणार? पंतांनी ते बिलकुल मनावर घेतलं नाही.

मग रोज संध्याकाळी तेच. पंतांचा सुवर्णभस्म घातलेला कुटकीचा काढा, शरच्चंद्रांचं लिव्हरचं मिक्श्चर, जयंतरावांचं फ्रीगंजच्या बाजारातून आणलेलं टॉनिक. सुलूचा काळ्या बाटलीतला चमचा ओठाशी येईपर्यंत भय्यासाहेबांचं पोट ढवळलेलं असायचं, आणि पहिल्या तिघांबरोबर तोही घमेल्यात जायचा. मग रात्रभर उशी दातात धरायची. काढा इतका सांडायचा की पलंगाखालचा उंदीर सोनं चाटून चाटून अंधारात झळकायला लागला होता. घरचं मांजर त्याला लांबूनच मुजरा करायचं. त्या घरात सोनं लागू पडलं असेल तर त्या उंदराला.

त्या दिवशी पंतांनी वाटी पुढे केली, तेव्हा भय्यासाहेबांनी तोंड मिटूनच ठेवलं. तिघांचे टवटवीत चेहरे त्यांनी एकेक करून बघितले. ह्यांना आपल्याला बरं करायचं नाही, हे त्यांना केव्हाच कळलं होतं. उद्या चार लोकांत म्हणायचंय, आम्ही काही कमी केलं नाही.

"पंत, रीत मोडताय. आधी चाखणी."

चाखणी हा भय्यासाहेबांच्या घराण्याचा मान. सरकारस्वारी उज्जैनला उतरली की ताटातला प्रत्येक पदार्थ आधी ह्यांच्या तोंडात. हे घटकाभर जिवंत राहिले की मग सरकार जेवणार.

पंत हसले. म्हणाले, ही दवाई आहे, बासुंदी नाही.

"पेश करणाराच कचरला, तर दरबारात काय समजायचे, ते पालखीवाल्यांना मी सांगू?"

आता नाही म्हणणं म्हणजे पालखीवर पाणी सोडणं. पंतांनी चमचाभर काढा तोंडात टाकला. डोळ्यांतून पाणी आलं, मिशा उभ्या राहिल्या, आणि पालखीचे वारस मोरीकडे धावले.

शरच्चंद्रांना तेवढ्यात आठवलं की आज आपला प्रदोष आहे, तोंडात काही घालता येत नाही. पाच मिनिटांपूर्वी त्यांनी बाहेर सुलूकडून दोन पेढे घेतले होते.

जयंतराव बाटली मागे लपवायला लागले.

"काय झालं, जावईबापू?"

"त्याचं काय आहे... ह्याच्यात माशाचं तेल असतं. आमच्याकडे चालत नाही."

"आणि माझ्या तोंडात चालतं?"

जयंतरावांनी बाटलीचं बूच आणखी घट्ट केलं. मोरीतून पंतांचा आवाज येत होता, आणि तो रोज ह्या पलंगावरून यायचा तसाच होता.

सुलू पुढे झाली. काळ्या बाटलीतलं औषध तिनं चमच्यात ओतलं आणि चमचा स्वतःच्या ओठाशी नेला. भय्यासाहेबांनी तिचं मनगट धरलं. त्या हातात एवढा जोर अजून आहे, हे कुणालाच माहीत नव्हतं.

"तू नको गं. ज्यांचा भरवसा नसतो, त्यांनाच चाखायला लावतात."

रिकाम्या पोटी औषध गेलं आणि पोटात राहिलं. हळूहळू मुठी सुटल्या. उशी बाजूला सरकली.

शरच्चंद्र आणि जयंतराव जिन्याशी येऊन थांबले. पंत अजून मोरीतून निघत नव्हते, आणि त्यांच्या आधी जिना उतरायचा मान दोघांनाही नव्हता. आपापली बाटली छातीशी धरून दोघं तिथंच उभे राहिले, भय्यासाहेबांचं घोरणं ऐकत.