बहात्तर टक्के

"हरलो तर किल्ली ठेवून जाईन," चंद्रप्रकाश म्हणाला. "पण जिंकलो तर हा डबा पुन्हा दारात दिसता कामा नये. बोला बाई, आहे कबूल?"

शुभाताईंनी मुलाकडे बघितलं. मुलुंडच्या टेकडीखालचं ते ऑर्किडचं ग्रीनहाउस बांधलं त्यांच्या नवऱ्याने, पण बावीस वर्षं जगवलं ते या माणसाने. आणि आता त्यांच्या मुलाने, मुकुलने, हवा मोजून आपोआप पाणी फवारणारं मशीन आणलं होतं. ते चाललं की चंद्रप्रकाशचं इथे कामच उरणार नव्हतं.

"कबूल," मुकुलनेच उत्तर दिलं. "डावी रांग तुमची काका, उजवी मशीनची. एक महिना. जिकडे कळ्यांचे दांडे जास्त, ती बाजू जिंकली."

"चालेल. डोळे उघडे ठेवून मोज म्हणजे झालं."

साठी उलटली तरी तोरा तसाच होता. चंद्रप्रकाश मूळचा गिरणीतला, साचेखात्यात माग चालवणारा. तिथे हवा कोरडी पडली की मागावरचं सूत तटातट तुटायचं, म्हणून दिवसभर हवेत पाणी फवारत. गिरणी बंद पडली आणि तो इथे आला, पण हवेतला ओलावा कातडीने ओळखायची सवय काही सुटली नाही. दुपारचा वारा कोरडा वाटला की तो जमिनीवर पाणी मारायचा. कुंडीत बोट खुपसून बघितल्याशिवाय थेंब घालायचा नाही. पानं भिजवायची ती सकाळीच, म्हणजे ऊन उतरेपर्यंत सुकतात, नाहीतर कुजली म्हणून समजा. आणि त्याच्या फवारायच्या हातपंपातल्या पाण्यात रात्रभर भिजवलेला कडुलिंबाचा पाला असायचाच असायचा.

"मशीनला साधंच पाणी हं काका," मुकुलने बजावलं. "तुमचा काढा ओताल तर नळ्या तुंबतील."

"तुझ्या डब्याला मी हात पण लावणार नाही रे."

पहिल्या आठवड्यात उजव्या रांगेच्या पानांवर काळे डाग पडले. मशीन वेळीअवेळी फवारत होतं. शुभाताई मनातून सुखावल्या, मग स्वतःचीच लाज वाटली. काही झालं तरी मुलगा आपला.

"सेट व्हायला वेळ लागतो गं आई," मुकुल म्हणाला.

आणि खरंच, दुसऱ्या आठवड्यात डाग थांबले. नवी पानं तकतकीत आली. मुकुल अंधेरीच्या ऑफिसात बसून फोनवर हवेतला ओलावा बघायचा आणि घरी आला की आईच्या नाकासमोर धरायचा. सकाळी बहात्तर टक्के. दुपारी बहात्तर. संध्याकाळीही बहात्तर.

"बघ, आकडा जागचा हलत नाही. काकांना जमेल हे?"

दुसऱ्या दिवशी शुभाताईंनी ते चंद्रप्रकाशच्या कानावर घातलं. चिडला की तो मालवणीवर यायचा. "हवा कधी एका आकड्यार थांबता काय, बाईनू?"

जळतोय बिचारा, असं त्यांना वाटलं. वाईटही वाटलं. हल्ली तो तासभर आधी यायचा आणि घामाघूम होऊन बसायचा. त्यांनी चहा पुढे केला.

"तुम्ही आपल्या रांगेकडे बघा ना. नोकरी तुमची जाणार आहे, मशीनची नाही."

त्याने बशीत चहा ओतला. "गिरणीत माझ्या शेजारी एक शिर्के होता. त्याला ताप भरला की त्याचे साचे पण मीच चालवायचो. कापड त्याच्याच नावावर लागायचं. आणि तोंड उघडायचं नाही, तशी रीतच होती. बोलला तो हलकट."

"गिरणी जाऊन जमाना झाला, चंद्रप्रकाश."

"गिरणी गेली बाई. रीत कुठे गेली?"

हा माणूस सुधारायचा नाही, असं म्हणून त्या कपबशी उचलून आत गेल्या.

महिना भरला. मुकुलने सकाळीच दोनदा मोजलं. डावीकडे एकेचाळीस दांडे, उजवीकडे सेहेचाळीस.

चंद्रप्रकाश उजव्या रांगेपाशी बराच वेळ उभा राहिला. एक दांडा बोटाने हलकेच सरळ केला. "झकास आलीत," म्हणाला आणि किल्ली काढून टेबलावर ठेवली.

मुकुल ओशाळला. "काका, वॉचमन म्हणून राहा की. पगार तोच देऊ."

"दारात उभा राहायला मी बुजगावणं आहे काय? शब्द दिला तो दिला."

"एवढा ताठा कशाला हो?" शुभाताईंनी किल्ली त्याच्याकडे सरकवली. "एकदा तरी म्हणा, ठेवून घ्या म्हणून. मी ठेवते."

"नाही म्हणणार." त्याने पिशवी खांद्याला अडकवली. "हातपंप ठेवून जातोय. लागेल तुम्हाला."

जाताना मागे वळूनही बघितलं नाही. बावीस वर्षांचा माणूस, आणि निघाला तो टोमणा मारून. मुकुल मात्र तेवढ्यात फोनवर आणखी दोन मशीनची चौकशी करायला लागला होता.

"आता हे मलाच बघायला हवं," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "मशीनची टाकी कधी भरायची असते रे?"

"आठवड्याला. तू भरतेस तशीच."

"मी? मला वाटलं, तू भरतोस."

मुकुलने फोन खाली घेतला. दोघांनी मिळून टाकीचं झाकण उचललं. तळ ठणठणीत कोरडा होता आणि कोपऱ्यात कोळ्याने जाळं विणलं होतं. फोनवर आकडा होता बहात्तर.

वाकलेल्या शुभाताईंच्या हातावर उजव्या रांगेच्या पानावरून टपकन थेंब पडला. त्यांनी हात नाकाशी नेला. पाण्याला कडुलिंबाचा वास येत होता.